घर बांधण्याआधी कुणाला विचारावे?

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मुलांना घेऊन गेलो की पाण्यावर तरंगणाऱ्या विटेची गोष्ट सांगावीच लागते. मातीत भुसा मिसळून भाजलेली ही वीट वजनाला हलकी. इथल्या कारागिराला आपली माती ठाऊक होती, म्हणून हे साधले.

ऑस्ट्रेलियाचे आदिवासी म्हणतात, जमीन आपली नव्हे, आपण जमिनीचे. तिथे काही बांधायचे तर आधी त्यांना विचारा, असा आग्रह आता धरला जातो. आपल्या दीनमध्येही जमीन ही अल्लाहची अमानत आहे.

न विचारता बांधले की काय होते, हे आपल्याच भागाने पाहिले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर भागात भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचा जड थर हजारो जिवांवर कोसळला. जिथे लाकडी खणांचा सांगाडा टिकला, तिथे काही जण वाचले. म्हणजे जुने सगळे वाईट नव्हते, सगळे चांगलेही नव्हते.

पुढे 52 गावे नव्या जागी वसवली. घरे मजबूत झाली, याबद्दल शुक्र आहेच. पण घराचे क्षेत्रफळ खाणाऱ्या तोंडांवर नव्हे, शेतीवर ठरले: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. शहरासारखे सरळ, रुंद रस्ते आले. देवडी, चौक, गल्ली गेली. जुन्या चौकात बाई कुणाच्या नजरेत न येता धान्य निवडायची, कपडे वाळवायची. नव्या घराचे दार थेट रस्त्यावर. मग लोकांनीच भिंती घातल्या, पत्रे टाकले आणि आपले अंगण परत मिळवले.

आज आपण स्लॅबचे घर बांधतो तेव्हा काय करतो? गवंडी सांगतो, घरातले पुरुष मान हलवतात. फजरपासून इशापर्यंत ज्या घरात राबतात, त्या अम्मीला, सुनेला कुणी विचारत नाही. पाहुणे आले तर बायकांनी कुठून जायचे? दादीला रात्री मोरी किती लांब पडेल? आपली खिडकी शेजाऱ्याच्या अंगणात तर उघडत नाही ना? सूरह नूर दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय पाऊल टाकू देत नाही. मग नजर तरी कशी टाकावी?

भूकंपाला तोंड देणारे बांधकाम इंजिनिअरला विचारा. घर कसे असावे, ते मात्र घरातल्यांना विचारा. पाया खणण्याआधी एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून बसावे, एवढेच आमचे सांगणे.