कानातला वाटाड्या

आमचा भाचा विलायतेत शिकून आला, तो एक नवल घेऊन. तिकडे म्हणे साधे खेडेही कानात यंत्र घालून पाहतात. ओढा असो, जुने झाड असो, ज्याच्यापुढे उभे राहावे त्याची हकीकत कानात ऐकू येते. देगलूरला आला तेव्हा मी त्याला जवळच्या होट्टलला नेले.

"मामा, इथला आवाज कुठे आहे?" सिद्धेश्वराच्या देवळापुढे त्याने विचारले.

मी माझाच काढला! देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचे, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. 1956 साली राज्ये नव्याने आखली, तेव्हा ते म्हैसूरकडे गेले, देगलूर मुंबई राज्यात आले. दगडांना मात्र ही सीमा कोणी कळवली नाही.

एवढ्यावर माझे ज्ञान संपले. तेवढ्यात काठी टेकीत एक आजोबा आले. पोपट कोणत्या कपारीत बसतात, पावसात कोणती मूर्ती आधी भिजते, सारे त्यांनी मराठीत तेलुगू मिसळून सांगितले. भाच्याने घाईने मोबाइल काढला, तर बॅटरी संपलेली!

"आजोबा, पुढच्या दिवाळीला येतो."

"या की. म्या असलो तर सांगतो."

परतताना आम्ही दोघेही गप्प होतो. रात्री आठवेल तेवढे वहीत उतरवले. आवाज काही उतरेना.

वाचकहो, यंदा फराळानंतर घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ जरा बसा. आणि हो, बॅटरी भरून बसा.