‘संकर’ शब्दाची शुद्धी

मावळातील ‘नवलाख उंबरे’ या गावाच्या नावाचा सरळ अर्थ नऊ लाख उंबरठे. तळेगाव दाभाडेजवळच्या या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि मावळी घरांच्या शेजारी परजिल्ह्यांतील, परप्रांतांतील कुटुंबे नांदू लागली. जेथे माणसे एकत्र राबतात, तेथे सोयरिकीही जुळणारच. अशा घरातील अपत्याला काय म्हणावयाचे? शिष्ट भाषेत ‘मिश्र’ म्हटले जाते. पण मनाच्या तळाशी ‘संकर’ हाच शब्द दडलेला असतो आणि त्याला शिवीचा दर्प येतो.

वास्तविक ‘संकर’ म्हणजे मिसळणे. काव्यशास्त्रात दोन अलंकार नीरक्षीराप्रमाणे एकरूप झाले की त्यास संकर म्हणतात. तीळ-तांदळाप्रमाणे निराळे ओळखू आले तर ती संसृष्टी. संगीतात संकीर्ण रागांना मान आहे. 1964 सालच्या सीएसएच-1 या संकरित ज्वारीचे शेतकऱ्याने स्वागतच केले. काव्यात, रागात आणि शिवारात गौरवाचा असलेला शब्द माणसाच्या वाट्याला येताच कलंक का व्हावा?

यावर शास्त्राकडे बोट दाखविले जाते. परंतु गीतेच्या पहिल्या अध्यायात वर्णसंकराचे भय बोलून दाखवितो तो मोहग्रस्त अर्जुन. तिसऱ्या अध्यायात भगवंतांच्या मुखी संकर येतो, तो कर्म सोडल्याने माजणाऱ्या अव्यवस्थेच्या संदर्भात. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मात्र संकरजातींची लांबलचक यादी आहे. जन्मावरून माणसाला हीन ठरविणारी ती दृष्टी त्याज्यच मानली पाहिजे. पराशर-सत्यवतीच्या पुत्राला ज्या समाजाने व्यास म्हणून वंदन केले, दासीपुत्र विदुराला नीतीचा अधिकार दिला, त्याने रक्तशुद्धीची भाषा करावी हा स्वतःच्याच परंपरेचा विसर होय. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 1923 च्या ग्रंथात अनुलोम-प्रतिलोम विवाहांचा दाखला दिला, तो हिंदूंच्या जातीजातींतून एकच रक्त वाहते हे सांगण्यासाठी. त्यांनी तोडावयास सांगितलेल्या सात स्वदेशी बेड्यांत बेटीबंदीही होती.

सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लता सिंह प्रकरणात आंतरजातीय विवाह राष्ट्रहिताचे असल्याचे म्हटले. अशा विवाहातील अपत्य प्रत्येक वेळी पित्याच्याच जातीचे मानता येणार नाही, ते कोणत्या परिस्थितीत वाढले हे पाहावे लागेल, असा निर्णय 2012 मध्ये दिला. याचा अर्थ उघड आहे. समाज त्या मुलाला कसे वागवितो, यावर त्याची ओळख घडते. ती जबाबदारी न्यायालयाची नाही, शेजाऱ्यांची, आप्तांची, शाळेची आहे.

आंतरजातीय दांपत्यांचे व्यासपीठावर सत्कार करणे सोपे असते. स्वतःच्या कन्येने घरी हा विषय काढला, म्हणजे समरसतेची खरी परीक्षा सुरू होते. तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ ही ढाल पुढे न करता जो पिता सून वा जावई यांना सन्मानाने घरात घेईल, त्यानेच ‘संकर’ या शब्दाला लागलेला डाग पुसला असे म्हणता येईल. नऊ लाख उंबऱ्यांचा हिशेब आपल्या घराच्या उंबऱ्यापासूनच मांडावा लागतो.