दोष यंत्राचा, संकोच आपला

भोकरसारख्या तालुक्याच्या गावी आज कित्येक घरांत आई-वडील दोघेच असतात. मुले पुण्याला नाही तर हैदराबादला. निवृत्तिवेतनाच्या नोंदी, रक्ततपासणीचे अहवाल, नातवंडांची छायाचित्रे, सारे काही संगणकात साठवलेले असते. एखाद्या सकाळी अपडेट अर्ध्यावर अडकते, पडदा निळा पडतो आणि मनात पहिला विचार येतो, ‘माझ्याच हातून काहीतरी बिघडले.’ हा विचार बहुधा खरा नसतो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट जगभर पोहोचले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक त्यामुळे बंद पडले. कंपनीने ते अपडेट साधारण सव्वा तासात मागे घेतले. परंतु बंद पडलेली बरीचशी यंत्रे एकेक करून हातानेच दुरुस्त करावी लागली. आपल्या हैदराबादच्या विमानतळावरही त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तज्ज्ञांच्या देखरेखीखालील यंत्रांची ही गत होते, तर सत्तरीतल्या निवृत्त शिक्षकाने स्वतःला दोष का द्यावा?

हा प्रश्न केवळ मनःशांतीचा नाही. ओशाळलेला माणूस घरच्यांना सांगत नाही. गुपचूप इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा क्रमांक शोधतो, आणि फसवणारे नेमके तिथेच टपून बसलेले असतात. म्हणून मदतीचा क्रमांक खरेदीच्या पावतीवरून किंवा यंत्राच्या खोक्यावरूनच घ्यावा. पडद्यावर ‘तातडीने या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना झळकली, तर मुळीच फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत दूरध्वनी क्रमांक नसतो. आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नये, ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

खऱ्या मदतकेंद्राशी बोलणेही दमवणारे असते. तीच माहिती तीनदा सांगावी लागते, मध्येच फोन तुटतो. वही-पेन जवळ घेऊन बसावे. तारीख, बोलणाऱ्याचे नाव आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. ‘जरा सावकाश सांगा’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र त्या नादात जेवण किंवा गोळीची वेळ टळू देऊ नये. मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण लांबले, तर साखर एकाएकी उतरू शकते. यंत्र उद्या दुरुस्त झाले तरी चालेल.

थोडी पूर्वतयारी बरेच काही वाचवते. वीज जाण्याचा भरवसा नसेल, तेव्हा अपडेट सुरू करू नये. सुरू केल्यास मध्येच बंद करू नये. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. औषधांची यादी, डॉक्टरांचे आणि मुलांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावावेत. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असेल आणि ऐन वेळी यंत्राने दगा दिला, तरी घाबरण्याचे कारण नाही. निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या बँकेत स्वतः जाऊनही तो देता येतो. पोस्टमनकडून घरबसल्या ही सेवा मिळण्याची सोयही आहे.

शेवटी दोन शब्द मुला-सुनांसाठी. आईचा फोन आला की ‘काय दाबलंस?’ हा प्रश्न आधी ओठांवर येतो. त्याऐवजी ‘पडद्यावर काय दिसतंय, सावकाश वाच बरं,’ असे म्हणून पाहा. पहिल्या प्रश्नाने ती पुढच्या वेळी गप्प बसेल; दुसऱ्याने ती अनोळखी माणसाआधी तुम्हालाच विचारील. तिची पुंजी आणि तिचा आत्मविश्वास, दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.