लेफ्टनंट सर्जचे युद्ध

पोकेमॉनचा पहिला गेम १९९६ साली जपानमध्ये आला. त्यात लेफ्टनंट सर्ज नावाचा जिम-लीडर आहे. युद्धात विजेच्या पोकेमॉननी आपल्याला वाचवले, असे तो सांगतो. कोणते युद्ध, कोणाशी, हे गेममध्ये कुठेच येत नाही. यावरून चाहत्यांनी मोठा तर्क बांधला आहे: कथा युद्धानंतर लगेच घडते आणि नायकाचे वडील त्यात मारले गेले, म्हणून ते दिसत नाहीत.

तर्क हुशारीचा आहे, पण माझ्या मते अर्धाच टिकतो. युद्ध झाले हे सर्ज स्वतः सांगतो. वडील मेले असे कोणीच सांगत नाही. ते घरी नाहीत, एवढेच दिसते. पाहिलेले आणि अंदाजाचे यांची गल्लत करू नका, हे आम्हा कॅडेट्सना वेगळे सांगावे लागत नाही.

जपानमध्ये बदलीमुळे कुटुंबापासून दूर राहणाऱ्या नोकरदारांसाठी 'तानशिन फुनिन' असा खास शब्दच आहे. २००२ च्या रुबी आणि सफायरमध्ये नायकाचे वडील जिम-लीडर आहेत आणि त्यांच्या कामासाठी कुटुंब नव्या गावी राहायला येते.

आमच्या हाउसमधल्या कितीतरी मुलांचे बाबा फील्ड पोस्टिंगवर आहेत. त्यांच्या घरात डोकावणाऱ्यालाही फक्त आई दिसेल. म्हणून चाहत्यांनो, अंदाज जरूर बांधा. पण खुर्ची रिकामी दिसली की लगेच शोकसभा भरवू नका. बाबा ड्युटीवर असू शकतात.