मुख्य न्यायमूर्ती तीन दिवसांचे, दावे तीन पिढ्यांचे

मुंबई उच्च न्यायालयाच्या इतिहासात २८ मे २०२३ या दिवसाची नोंद अवश्य व्हावी. त्या रविवारी न्या. रमेश धानुका यांनी मुख्य न्यायमूर्तिपदाची शपथ घेतली आणि ३० मे रोजी ते नियत वयोमानानुसार निवृत्तही झाले. त्यांच्या नावाची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने एप्रिलमध्येच केली होती. शासनाची अधिसूचना निघाली ती मे महिना सरता सरता. १८६२ साली स्थापन झालेल्या, महाराष्ट्र आणि गोव्यावर अधिकार चालविणाऱ्या न्यायपीठाचे प्रमुखपद तीन दिवसांपुरते! यात धानुका यांचा तिळमात्र दोष नाही. दोष आहे तो हा खेळखंडोबा मुकाट्याने चालू देणाऱ्या व्यवस्थेचा.

अकरा वर्षांत एक, दहा वर्षांत दहा

न्या. म. क. छागला १९४७ ते १९५८ अशी अकरा वर्षे या पदावर होते. न्या. मोहित शहा २०१५च्या सप्टेंबरात निवृत्त झाले, तेव्हापासून २०२५च्या सप्टेंबरात न्या. श्री चंद्रशेखर यांनी शपथ घेईपर्यंतच्या दहा वर्षांत दहा मुख्य न्यायमूर्ती झाले. शिवाय मधूनमधून आलेले प्रभारी निराळेच. डिसेंबर २०२२मध्ये न्या. दीपांकर दत्ता सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२३अखेर न्या. देवेंद्रकुमार उपाध्याय आले. मधल्या साडेसात महिन्यांत या न्यायालयाला पूर्णाधिकारी मुख्य न्यायमूर्ती लाभले ते फक्त तीन दिवस.

मुख्य न्यायमूर्ती परप्रांतातील असावा, हे धोरण १९८०च्या दशकापासून रूढ आहे. स्थानिक हितसंबंधांपासून न्यायासन अलिप्त राहावे, हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. परंतु बाहेरून आलेल्या व्यक्तीला येथील कायदे आणि माणसे समजून घेण्यास अवधी नको काय? उपाध्याय दीड वर्षात दिल्लीस गेले. न्या. आलोक आराधे सात महिन्यांत सर्वोच्च न्यायालयात गेले. धोरणाला अपवाद करून येथीलच न्यायमूर्तींना संधी दिली, तीही निवृत्तीच्या उंबरठ्यावर. न्या. नरेश पाटील यांना सुमारे पाच महिने, न्या. भूषण धर्माधिकारी यांना पाच आठवडे आणि धानुका यांना तीन दिवस.

कर्जतच्या कुळाचे काय?

फोर्टातील त्या दालनात कोण बसते, याच्याशी कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. कुळाच्या हक्काचा वाद तहसीलदाराकडे सुरू होतो, प्रांताकडे अपिलात जातो, तेथून महसूल न्यायाधिकरणाकडे आणि अखेरीस उच्च न्यायालयात पोहोचतो. आजोबांनी केलेल्या दाव्यात वारस म्हणून नातवाचे नाव लागते. द्रुतगती मार्ग आणि फार्महाउसांनी या दोन तालुक्यांतील जमिनीला सोन्याचा भाव आणला, तसे तंटेही वाढले. पहाटेची लोकल धरून शंभर किलोमीटरवरील मुंबई गाठायची आणि प्रकरण बोर्डावर असूनही पुकारा झाला नाही म्हणून रिकाम्या हाताने परतायचे, हेच पक्षकाराचे प्राक्तन.

कोणत्या न्यायमूर्तीने कोणती प्रकरणे ऐकावीत, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवितात. नव्या न्यायमूर्तींची नावे तेच पुढे पाठवितात. कर्जत-खालापूरच्या तालुका न्यायालयांपासून अलिबागच्या जिल्हा न्यायालयापर्यंत सर्वांवर राज्यघटनेच्या २३५व्या अनुच्छेदान्वये उच्च न्यायालयाचेच नियंत्रण असते. चाळीस वर्षांहून अधिक काळ मागणी होत असलेले कोल्हापूरचे फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ रोजी कामास लागले, तेही मुख्य न्यायमूर्तींच्या निर्णयाने. रत्नागिरी व सिंधुदुर्ग कोल्हापूरला जोडले गेले, रायगड मुंबईकडेच राहिला. ती घडी बसविणारे आराधे मात्र पंधरवड्याच्या आत दिल्लीस गेले. घर लावून होण्याआधीच कारभारी बदलला, तर घराला शिस्त कशी लागणार?

स्वायत्तता म्हणजे बेफिकिरी नव्हे

असा प्रश्न उपस्थित करताच न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याची ढाल पुढे केली जाते. १९९३च्या निकालाने नियुक्त्यांचे सूत्र न्यायवृंदाच्या हाती गेले. संसदेने २०१४ साली केलेली न्यायिक नियुक्ती आयोगाची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द ठरविली. ठीक आहे. अधिकार घेतला, मग उत्तरदायित्व कोणाचे? शासनालाही हात झटकता येणार नाहीत. शिफारशीची धारिका आठवडेच्या आठवडे पडून राहते, तेव्हा ती शासनाच्याच मेजावर असते. न्यायवृंद शासनाकडे बोट दाखवितो, शासन न्यायवृंदाकडे, आणि पक्षकार दोघांच्या मधोमध उभा असतो.

उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती ६२व्या वर्षी निवृत्त होतो. त्याची जन्मतारीख काही गुपित नसते. गावच्या सोसायटीचा सचिव निवृत्त होणार असला तरी पुढची सोय आधी पाहिली जाते. मग उच्च न्यायालयाच्या बाबतीत प्रत्येक वेळी आकाशातून कुऱ्हाड कोसळल्यासारखी धावपळ का?

मागण्या दोनच आहेत आणि त्यांसाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही. किमान दोन वर्षांचा सेवाकाल हाती असलेल्या व्यक्तीचीच या पदावर नियुक्ती व्हावी आणि त्या अवधीत तिला हलवू नये. निवृत्तीने पद रिक्त होणार असेल, तर ते होण्यापूर्वी महिनाभर आधी उत्तराधिकाऱ्याचे नाव जाहीर व्हावे. न्यायवृंद आणि शासन यांनी मनावर घेतले तर एका बैठकीत हे ठरू शकते. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या महाराष्ट्राने न्यायासनाची ही संगीतखुर्ची निमूटपणे पाहत राहू नये. वकील संघांनी, लोकप्रतिनिधींनी आणि सुजाण नागरिकांनी आता याचा जाब विचारलाच पाहिजे.