बारा पुतळ्या

मामाच्या गावाला जाण्याचे वय केव्हाच सरले; पण मामेभावांचे बोलावणे आले, की पाय अजूनही तिकोणा पेठेकडे वळतात. पवना धरणाच्या पाण्याकडे पाठ करून उभे राहिले, की समोर तो त्रिकोणी गड. त्याचे दुसरे नाव वितंडगड. १६६५ साली पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत हाही होता. गेल्या दिवाळीआधी मला बोलावणे आले, ते मात्र गडासाठी नव्हे. गडाच्या नावाला शोभेल अशा वादासाठी!

मामी गेल्या आणि मागे राहिली बारा पुतळ्यांची माळ. थोरले दादा म्हणत, "आपल्या मूळ पुरुषाला गडाच्या चाकरीबद्दल महाराजांनी दिलेली माळ आहे. ती मोडायची नाही." धाकटा म्हणे, "मोडू नका, पण निम्मी मला द्या." निम्मी देणे म्हणजे मोडणेच, हे व्याकरण त्याला कोणी समजवावे? पुतण्याने तर पुण्याहून कळवले, की परदेशात अशा वस्तूंना लाखो रुपये मिळतात. भावाभावांत बोलणे बंद झाले आणि मध्यस्थी माझ्याकडे आली. "तू कॉलेजात शिकवतोस, तुला जुन्यातलं कळतं." आता मी अलंकार शिकवतो हे खरे; पण ते उपमा-उत्प्रेक्षांचे. सोन्याच्या अलंकारांचे माझे ज्ञान आमच्या सौभाग्यवतींच्या मागण्यांपुरतेच!

माळ रुमालात बांधून आम्ही तिघे पुण्याला एका जुन्या सराफाकडे गेलो. त्यांनी कसोटीवर कस लावला, वजन केले आणि भिंगातून एकेक पुतळी पाहिली. म्हणाले, "सोनं चांगलं आहे. पण बाराही एका हातच्या नाहीत. नऊ जुन्या आहेत, तीन पुष्कळ नंतरच्या. छाप वेगळा आहे आणि कडाही झिजलेल्या नाहीत." दादांचा चेहरा उतरला. महाराजांच्या चाकरीतून तीन पुतळ्या फितूर झाल्या होत्या.

उरलेल्या नऊ घेऊन एका नाण्यांच्या जाणकारांकडे गेलो. त्यांनी जे सांगितले, ते ऐकून मी थक्क झालो. आपली पुतळी मूळची इटलीतल्या व्हेनिसची! तिथे १२८४ पासून सोन्याचे नाणे पडू लागले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. व्यापाऱ्यांबरोबर ते नाणे आपल्याकडे आले आणि आपल्या लोकांना त्या आकृतींत राम-सीता दिसली. मग आपल्या सोनारांनी तसेच ठसे पाडले. त्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती, म्हणून अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा उमटल्या. आमच्या नऊ पुतळ्यांवर तशाच रेघा होत्या. "आणि परदेशी विकण्याचं मनातून काढा," जाणकार म्हणाले. "शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही."

राहिला डब्याच्या तळाशी घडी करून ठेवलेला एक मोडी कागद. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून असे कागद वाचणाऱ्यांची परंपरा आहे. एक वृद्ध मोडीवाचक भेटले. त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि सावकाश वाचला. शके १७९९. म्हणजे इ. स. १८७७, दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. पेठेतल्याच एका विधवेने पोरांच्या पोटासाठी आमच्या मामांच्या घरून भात नेले आणि त्यापोटी सोन्याच्या नऊ पुतळ्या गहाण ठेवल्या. देणे फिटताच पुतळ्या माघारी द्यायच्या, असा करार.

नऊ! सराफाचे भिंग आणि मोडीचा कागद यांची साक्ष तंतोतंत जुळली. तीन मागाहून घरच्याच कोणी ओवल्या असाव्यात.

परतताना गाडीत कोणी बोलेना. कामशेत मागे पडल्यावर दादा हळूच म्हणाले, "आई दर पाडव्याला त्या घरी पायलीभर तांदूळ पाठवायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, सासूबाई पाठवायच्या." ते घर आजही चार दारे सोडून उभे आहे.

धाकटा उसळला, "दीडशे वर्षं होत आली! मुदत संपली, करार संपला. आणि फेडलं नाही त्याचं व्याज?"

दादा म्हणाले, "पाच पिढ्यांच्या लेकीसुना ती माळ घालून मिरवल्या. तेच व्याज."

धाकटा खिडकीबाहेर गडाकडे पाहत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मग उरलेल्या तिनांची वाटणी दोघांत कशी करायची?"

तेव्हा मला एकदम आठवण झाली. मामींना अपत्ये दोन नव्हेत, तीन. तळेगावला दिलेल्या आमच्या आक्काला या वाटणीत कोणी विचारलेच नव्हते. आणि खरे सांगायचे, तर मध्यस्थ म्हणवणाऱ्या मलाही ती सुचली नव्हती.

पाडव्याला दोघे भाऊ तांदळाची पायली आणि नऊ पुतळ्या घेऊन चार दारांपलीकडे गेले. भाऊबीजेला आक्का आली. तिच्या ओवाळणीच्या ताटात एक पुतळी पडली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हिचं मोल किती रे?"

सराफाने सांगितलेला आकडा मला पाठ होता. पण त्या दिवशी काही तो माझ्या तोंडून निघाला नाही.