शिक्का आहे, मोर्तब नाही

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तर भारतातील एका जिल्ह्यात मी कार्यरत असताना एक वृद्ध स्त्री कार्यालयात आली. तिचे निवृत्तिवेतन चार महिन्यांपासून बंद होते. संगणकातील नोंदीनुसार ती मरण पावली होती. प्रत्यक्षात ती पदराआड पासबुक धरून माझ्यासमोरच्या बाकावर बसली होती. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाखाली वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी या वयोगटासाठी दरमहा २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात. मंत्रालयाच्या टिपणीत ही रक्कम क्षुल्लक दिसते. त्या बाईच्या घरात तेल, मीठ आणि औषध त्यातूनच येत होते.

चौकशी माझ्याकडे आली. एकाच गावातील सहा नावांपुढे ‘मृत’ अशी नोंद झाली होती आणि त्या नोंदीला एका अधिकाऱ्याच्या नावाने, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, मंजुरी मिळाली होती. त्या वेळी तो अधिकारी शेजारच्या इमारतीत बैठकीला बसलेला होता. बैठकीच्या हजेरीपत्रकावर त्याची सही होती. त्याचा संगणक मात्र सुरू होता, संकेतस्थळ उघडे होते आणि डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल यंत्रालाच जोडलेले होते. खोलीत ये-जा करणारे तिघे-चौघे. त्यांतला टेबलाच्या सर्वांत जवळ बसणारा एक कंत्राटी संगणकचालक होता. त्याच्याविरुद्ध दुसरा कोणताही पुरावा नव्हता. ‘सेवा पुढे चालू ठेवू नये’ अशी शिफारस झाली. त्या शिफारशीखाली माझी सही आहे.

अहवाल पाठवून झाल्यावर मी त्या संगणकासमोर जाऊन बसलो आणि वीस मिनिटे कशालाही हात लावला नाही. काही वेळाने पडद्यावर रंगीत मासे पोहू लागले. माउसला बोट लागताच मासे नाहीसे झाले आणि मंजुरीचे पान जसेच्या तसे समोर आले. पासवर्ड कोणी विचारला नाही. हे मी अहवालाआधी करून पाहायला हवे होते.

त्या माशांवर खोलीतील सर्वांचा विश्वास होता. पडद्यावर चित्र फिरू लागले म्हणजे संगणक ‘बंद’ झाला, अशी समजूत केवळ त्या कार्यालयापुरती नव्हती. स्क्रीनसेव्हर मुळात सुरक्षेसाठी जन्माला आलेलाच नाही. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांवर एकच चित्र तासन्‌तास राहिले, तर आतल्या फॉस्फरच्या थरावर त्याचा कायमचा डाग उमटत असे; तो टाळण्यासाठी हलणारी चित्रे आली. पडदे बदलले, डागाची ती भीती बरीचशी गेली, चित्रे राहिली. आज संगणकात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: चित्र फिरवणारा स्क्रीनसेव्हर, वीज वाचवण्यासाठी पडदा काळा करणारी व्यवस्था आणि पासवर्ड मागणारे कुलूप. विंडोजमध्ये स्क्रीनसेव्हरच्या चौकटीत किती मिनिटे थांबायचे हे ठरवता येते. त्याच्याच शेजारी, काम पुन्हा सुरू करताना लॉगऑनचा पडदा दाखवावा की नाही, याची एक छोटी चौकट असते. तिच्यात खूण नसेल तर मासे पोहतात आणि दार उघडेच राहते. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांतही पडदा काळा होणे आणि कुलूप लागणे यांसाठी दोन निरनिराळ्या तरतुदी असतात.

कधी खूण असते, मिनिटे ठरलेली असतात, तरीही कुलूप लागत नाही. संगणक रिकामेपणाचे मिनिट मोजतो ते कळफलक आणि माउस यांच्या हालचालीवरून. काचेच्या टेबलावरचा प्रकाशकिरणी माउस कोणी न हलवताही थरथरतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. कळफलकाच्या कोपऱ्यावर फाइल टेकलेली असते. दूरदृश्य बैठकीची आज्ञावली किंवा मागे चालू राहिलेली चित्रफीत ‘पडदा जागा ठेव’ असे यंत्राला सांगत असते. म्हणून आधी माउस काढून पाहावा, मग एकेक आज्ञावली बंद करावी. कोणती आज्ञावली यंत्राला जागे ठेवते आहे हे सांगणारी ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञाही विंडोजमध्ये आहे. तरतूद फिकट दिसत असेल आणि बदलता येत नसेल, तर ती बहुधा वरून, संपूर्ण जाळ्यासाठी ठरवलेली असते. तिथे निष्क्रियतेची मर्यादा सेकंदांत लिहितात. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षाविषयक शिफारशीत ती ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटे आहे. शून्य लिहिले तर मर्यादाच उरत नाही.

इतके करूनही एक गोष्ट राहते. संगणकाचे कुलूप संकेतस्थळावरील आपले सत्र संपवत नाही; त्याची मुदत वेगळी असते. डोंगलचा पिन एकदा दिला की ते यंत्रातून काढेपर्यंत पुढच्या सह्या पिन न विचारता होऊ देणाऱ्या व्यवस्थाही आहेत. म्हणून उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ एकत्र दाबणे आणि डोंगल खिशात टाकणे, ही दोन कामे स्वतःच्या हातांनीच करावी लागतात. आपोआप लागणारे कुलूप विसरभोळ्या माणसासाठी असते. पंधरा मिनिटांची मर्यादा ठेवली तरी पहिली चौदा मिनिटे उघडीच असतात.

मी इतिहासाचा विद्यार्थी. राज्यकारभारात हा प्रश्न नवा नाही. शाहजहानने शाही मुद्रा मुमताज महलच्या ताब्यात दिली होती, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. मुद्रा कोणाच्या हाती असावी हा तेव्हा विश्वासाचा सर्वोच्च प्रश्न होता, कारण ती ज्याच्या हाती त्याच्या हाती बादशहाचा शब्द. मराठ्यांच्या दफ्तरात याहून बारीक विचार दिसतो. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर जिथे संपतो तिथे दुसरी, मर्यादेची मुद्रा उमटवीत. तिच्या खाली कोणी ओळ घुसडली, तर ती राजाची नव्हे हे उघड होई. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द मराठी माणूस आजही रोज वापरतो. त्यातला शिक्का सांगतो की हा अधिकार कोणाचा. मोर्तब सांगते की तो कुठे संपला. आपल्या डिजिटल कारभाराने शिक्क्यावर पुष्कळ खर्च केला आणि मोर्तबाकडे दुर्लक्ष केले. अधिकारी खुर्चीवरून उठला की त्या यंत्रावरचा त्याचा अधिकार तेवढ्यापुरता संपायला हवा. संगणकाचे कुलूप एवढेच काम करते.

कायद्याने शिक्क्याची जबाबदारी आधीच ठरवून दिली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार डिजिटल स्वाक्षरीच्या धारकाने आपली खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेतली पाहिजे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा पासवर्ड कपटाने वापरणाऱ्याला कलम ६६ सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न योजल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या सूचनांत, काम नसताना संगणक कुलूपबंद करावा, असेही सांगितले आहे. नियमांची उणीव नाही.

मग कुलूप लागत का नाही? माझ्या अनुभवात याचे उत्तर आळस हे नाही. तालुक्याच्या कार्यालयात एक यंत्र, तीन चालक आणि सर्वांचे मिळून एक खाते असते. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो, कारण तसे केले नाही तर काम थांबते. खिडकीबाहेर उन्हात रांग उभी असते. अर्धा भरलेला अर्ज, कागद शोधायला उठताच कुलूपबंद होतो; परत यावे तर संकेतस्थळाचे सत्र संपलेले आणि अर्ज कोरा. दुसऱ्यांदा असे झाले की चालक मर्यादा काढून टाकतो, आणि रांगेतली माणसे त्याला दुवा देतात. अधिकाऱ्याचे डोंगल चालकाच्या ड्रॉवरमध्ये असते, कारण अधिकारी दिवसभर दौऱ्यावर असतो आणि देयके संध्याकाळपर्यंत पाठवायची असतात. रोजगार हमी योजनेच्या मजुरीसाठी दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या डिजिटल सह्या लागतात. एकाने दुसऱ्याचे काम तपासावे, हा त्यामागचा हेतू. दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये असतील, तर त्या हेतूचे काय उरले?

म्हणून आणखी एक परिपत्रक काढणे हा उपाय नव्हे. परिपत्रकाने कुलूप लागते आणि आठवड्याभरात निघते. आधी प्रत्येक चालकाला, कंत्राटी असला तरी, स्वतःचे खाते हवे. सामाईक खात्याला कुलूप लावण्यात अर्थ नाही, कारण किल्ली सर्वांकडे असते. दुसरे, कुलूप उघडणे सोपे हवे. कर्नाटकाने या शतकाच्या आरंभी ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीच्या नोंदींचे संगणकीकरण केले, तेव्हाच कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशाने पटवण्याची व्यवस्था ठेवली होती. फेरफार कोणी केला हे नंतर नाकारता येऊ नये, हा त्यामागचा विचार. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे तालुक्याला जमले, ते आज अशक्य नाही. तिसरे, सरकारी संकेतस्थळांनी अर्धवट अर्ज आपोआप जपून ठेवला पाहिजे. ही एक सुधारणा झाली तर कुलपाला होणारा निम्मा विरोध मावळेल, असे मला वाटते. चौथे, मर्यादा कामाप्रमाणे ठरावी. रोखपालाच्या टेबलावर दोन-तीन मिनिटे, टिपणी लिहिणाऱ्याला दहा. आणि नियंत्रण कक्षात किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, जिथे पडदा क्षणभरही झाकणे धोक्याचे, तिथे माहिती दाखवणारा पडदा आणि आदेश देणारा संगणक निराळे ठेवावेत.

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तशी तरतूद सुरू ठेवली, तर विंडोज कुलूप लागल्याची नोंद ४८०० या क्रमांकाने आणि उघडल्याची ४८०१ या क्रमांकाने करते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत. या नोंदी खरोखर कोणी उघडून पाहिल्या, तर दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी यंत्र बंद होते की उघडे, आणि ते कोणाच्या खात्याने उघडले, हे सांगता येते. माझ्या चौकशीत असा एकही कागद नव्हता.

काही जाणकार म्हणतील की आजचे हल्ले दूरदेशातून होतात. टेबलावरच्या कुलपाची चर्चा म्हणजे वाड्याला आग लागली असता कोनाड्यातील दिवा विझवणे. दूरवरून येणारा हल्ला या कुलपाने थांबत नाही, हे खरेच. पण सामान्य नागरिकाचे नुकसान बहुतेक वेळा कोणा परदेशी टोळीने केलेले नसते. ते शेजारच्या खुर्चीवरून, कधी पैशासाठी, कधी घाईत, कधी निव्वळ चुकीने होते. आणि नंतर ‘सिस्टीममध्ये तसेच आहे’ एवढेच त्याला ऐकवले जाते. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून अंमलात आला. इलेक्ट्रॉनिक नोंद आता न्यायालयात नेहमीचाच पुरावा झाली आहे. नोंदीला एवढे वजन द्यायचे, तर ती कोणी केली हे ठामपणे सांगता आले पाहिजे. सांगता आले नाही तर दोष उतरंडीने खाली सरकतो आणि ज्याच्याकडे बचावाला वकील नाही, त्याच्यापाशी जाऊन थांबतो.

त्या वृद्धेची थकबाकी पुढे मिळाली. जिवंत असल्याचा दाखला तिने दोनदा दिला, कारण पहिला फाइलमध्ये लागलाच नाही. कंत्राटी चालक पुन्हा कार्यालयात दिसला नाही. त्याने ते केले होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलू शकेल असा एकच साक्षीदार त्या खोलीत होता, आणि त्याच्या पडद्यावर मासे पोहत होते.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. मते वैयक्तिक.)